गोळीचं डॉक्टरांकडे, कातडीचं आपल्याकडे

सूनबाई, वहिनींच्या, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या, दुखण्याला नाव मिळालं हे कळल्यावर मला आधी हायसंच वाटलं. पेम्फिगस व्हल्गॅरिस. नाव तोंडात बसायला अवघड आहे, पण बिननावाचं दुखणं त्याहून अवघड. हिवाळाभर तोंड आलंय, तोंड आलंय म्हणून सब्जा झाला, गुलकंद झाला, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. उष्णता म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. तुम्ही काही जगावेगळं केलं नाहीत. निम्म्याहून जास्त रुग्णांत हा आजार तोंडातच सुरू होतो आणि अंगावर फोड दिसायला मागाहून कितीतरी आठवडे, कधी महिने जातात. आपल्या खानदेशात तर मिरचीने तोंड सोलवटणं ही रोजची गोष्ट, कोण लक्ष देणार? म्हणून पहिलं सांगणं सगळ्या भाऊबंदांसाठी: तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर घरचं औषध थांबवायचं आणि दाखवायला जायचं. तंबाखू आणि मिसरीच्या मुलखात कॅन्सरसाठीही ती जखम तपासायलाच हवी असते. एका फेरीत दोन्ही शंका फिटतात.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, त्यातली बरीच वर्षं त्वचारोगाच्या वॉर्डात. आता धरणगावात बसले तरी लोक विचारायला येतातच. तेव्हा तू फोनवर घाईघाईने विचारलंस त्याचं उत्तर सावकाश देते.

आजार काय आहे ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं का करायचं ते आपोआप कळेल. आपलं जुनं धाब्याचं घर आठव. विटा पक्क्या असल्या तरी मधला मातीचा गारा सुटला की भिंत हाताने सरकते. कातडीच्या पेशींमधला तो गारा म्हणजे डेस्मोग्लीन नावाचं प्रथिन. आपलं रक्त रोगजंतूंशी लढायला जी प्रतिपिंडं बनवतं, तीच या आजारात चुकून त्या डेस्मोग्लीनवर उठतात. पेशी एकमेकींपासून सुटतात, मध्ये पाणी भरतं, फोड येतो. तो ढिला असतो, हात लागताच फुटतो आणि खाली ओली लालबुंद कातडी उरते. बरी दिसणारी कातडी बोटाने जरा दाबून सरकवली तरी निघून येते, डॉक्टर तेच करून बघत होते.

रोगजंतू यात नाहीतच. तेव्हा हा आजार शिवण्याने, एका ताटात जेवण्याने, एका गोधडीत झोपण्याने होत नाही. आळीत कुणी महारोग म्हणेल, कुणी नागीण म्हणेल, कुणी देवीचा कोप म्हणून उतारा सांगेल. वाद घालत बसू नकोस. तू स्वतः वहिनींच्या शेजारी बसून जेव, नातवंडांना त्यांच्या खाटेवर बसू दे. चार दिवसांत बोलणारे गप्प होतात. मात्र उलटी बाजू खरी आहे: त्यांच्यापासून लोकांना धोका नाही, लोकांपासून त्यांना आहे. औषधं सुरू झाली की अंगाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबली जाते. खोकला-सर्दी झालेला, कांजिण्या किंवा गोवर निघालेल्या घरचा माणूस भेटायला आला तर ओट्यावरच चहा पाजून परत पाठव. पाहुण्याला राग आला तर येऊ दे.

आता तपासणीचं. कातडीचा तुकडा काढतात त्याला घाबरायचं नाही, पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. तुकडे सहसा दोन काढतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, त्यावर प्रतिपिंडं चमकवून बघण्याची तपासणी होते. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला की वाया गेला. त्याची बाटली वेगळी असते. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल आणि बाटल्या तुझ्याच हातात दिल्या असतील, तर कुठली कशाची हे चिठ्ठी चिकटवूनच घे. रिपोर्टांची सगळी भेंडोळी एका पिशवीत, तारखेप्रमाणे. पुढची काही वर्षं ती पिशवी घरच्या सातबाऱ्यासारखी सांभाळायची आहे.

दवाखाना कुठला, हे दादाने विचारलं. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याहून जुनं. त्वचारोग विभाग दोन्हीकडे आहे. मुंबईला गेल्याशिवाय गुण येत नाही असं काही नाही. हा आजार महिनोन् महिने, वर्षानुवर्षं बघावा लागतो, तेव्हा सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल तो दवाखाना चांगला. भरती व्हायची वेळ आली तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठ. महात्मा जोतिराव फुले योजनेत हे उपचार कुठल्या रुग्णालयात बसतात ते त्याला विचार, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेव. भरती झाल्यावर कागद जमवायला पळणारे नातेवाईक मी रोज पाहिलेत.

औषधांचं खरं तर मी सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं. पण पूर्वी काय होतं आणि आता काय आहे हे तुला माहीत असावं, म्हणजे शेजारणीने भिववलं तरी तू भिणार नाहीस. १९५० च्या आधी, स्टेरॉइड यायच्या अगोदर, या आजाराचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. स्टेरॉइड आलं आणि माणसं जगू लागली. फक्त डोस इतका मोठा आणि इतका लांब चालायचा की पुढे औषधाचंच दुखणं होई. त्यावर आपल्याकडेच एक वाट निघाली. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पल्स पद्धत बसवली. सलग तीन दिवस सलाइनमधून डेक्सामेथासोन शंभर मिलिग्रॅम, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड पाचशे मिलिग्रॅम, आणि हेच दर अठ्ठावीस दिवसांनी. मधल्या दिवसांत सायक्लोफॉस्फामाइडची रोज एक छोटी गोळी. कातडी पूर्ण साफ झाली तरी आणखी नऊ पल्स द्यायचे, मग काही महिने नुसती गोळी, मग औषध बंद करून नुसती नजर. भारतभरच्या त्वचारोग वॉर्डांनी वर्षानुवर्षं हेच केलं, आणि या पद्धतीने बऱ्या होऊन घरी गेलेल्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या.

आता रिटुक्सिमॅब आलंय. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींनाच ते निवडून मारतं. सहसा पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सलाइनं. फ्रान्समध्ये नव्वद रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रिटुक्सिमॅब आणि थोड्या दिवसांचं स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ८९ टक्के औषधाविना बरे होते, नुसतं स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ३४ टक्के. हे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेत या आजारासाठी त्याला परवानगी मिळाली. भारतीय बनावटीचं रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळतं, त्यामुळे किंमत पूर्वीइतकी जीवघेणी राहिली नाही, पण स्वस्त म्हणण्यासारखीही नाही. द्यायच्या आधी कावीळ-ब, क्षयरोग, एचआयव्ही तपासतात. डॉक्टर विसरले असं वाटलं तर विचारायला लाजू नकोस. लस घ्यायची असेल तर तीही आधीच विचार.

वहिनींचं वय पाहता त्यांना अडचण नाही, पण ओळखीत एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा या आजाराचा असेल तर एवढं सांगून ठेव: सायक्लोफॉस्फामाइडने पाळी बंद होऊ शकते, पुरुषातलं बीज कमी होऊ शकतं. मूल व्हायचं राहिलं असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावं, दुसरं औषध असतं. लग्नाच्या बोलणीत हे लपवून पुढे रडण्यात अर्थ नाही. आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं. ते लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशय भाजून काढतं, लघवी लाल दिसली तर त्याच दिवशी कळवायचं.

गोळीबद्दल माझा एकच नियम आहे आणि तो मी वॉर्डात ओरडून सांगायची. स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही, वाढवायची नाही, आणि बंद तर मुळीच करायची नाही. चेहरा सुजला, साखर वाढली, कुणीतरी म्हणालं “स्टेरॉइड वाईट”, म्हणून लोक एका दिवसात डबी फेकतात. मोठा डोस बरेच दिवस घेतला की अंग स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. गोळी अचानक थांबली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस हातचा जाऊ शकतो. उलट्या-जुलाब लागून गोळी पोटात टिकतच नसेल तर तो घरी बसायचा दिवस नाही, दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचा आहे. सकाळी नाश्ता झाल्यावर गोळी द्यायची. सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, कारण स्टेरॉइड हाडं पोखरतं. महिन्यातून साखर, रक्तदाब, वजन. वर्षातून डोळे. वहिनींच्या पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेव: कुठलं स्टेरॉइड, किती, कधीपासून. उद्या रस्त्यात चक्कर आली तर अनोळखी डॉक्टरलाही कळायला हवं.

डोस कधी कमी होईल हे वहिनी रोज विचारणार. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. दोन आठवड्यांत एकही नवा फोड आला नाही आणि जुन्या जखमांपैकी साधारण ८० टक्के भरल्या, की डॉक्टर कमी करायला घेतात. उतरणही सावकाशच असते.

गुळवेलाचा काढा, अश्वगंधा, प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पुड्या घेऊन कुणीतरी येईलच. आपल्याच प्रतिकारशक्तीने घाला घातलाय, तिला खुराक कशाला द्यायचा? डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. बिनलेबलाच्या पुडीने दोन दिवसांत अंग साफ झालं, तर त्यात बहुधा स्टेरॉइडच कुटलेलं असतं, मग डॉक्टरांचा सगळा हिशोब चुकतो.

आता घरचं काम. हे दवाखान्यात कुणी नीट सांगत नाही, कारण तिथे वेळ नसतो. या आजारात जीव जातो तो बहुतेक वेळा उघड्या कातडीतून शिरलेल्या जंतूंमुळे. तेव्हा कातडी जपणं हे औषधाइतकंच मोठं काम आहे आणि ते तुझ्या हातात आहे.

चिकटपट्टी अंगाला लावायची नाही. सलाइनची सुई असो की मलमपट्टी, चिकटपट्टी काढताना तळहाताएवढी कातडी सोबत येते. सिस्टरला आधीच सांग, “बाई, पट्टी चिकटवू नका, बँडेजने गुंडाळा.” नवी सिस्टर असेल तर दोनदा सांग. दुसरं, जखमेवर कापूस ठेवायचा नाही. कापसाच्या मुलखात राहून हे विचित्र वाटेल, पण तंतू जखमेत रुततात आणि काढताना रक्त येतं. दवाखान्यातून पॅराफिनची जाळी मिळते ती लावायची. त्यावर बांधायला आईच्या जुन्या सुती लुगड्यासारखं कापड नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री फिरवून डब्यात भरून ठेव. आपल्या उन्हाचा एवढा तरी फायदा.

मोठा, पाण्याने भरलेला फोड दुखत असेल तर निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी काढतात, पण वरची कातडी ठेवायची. तीच उत्तम झाकण असते. कात्रीने कापून साफ करायची हौस कुणी करू नये. हे काम दवाखान्यात दोनदा बघून मगच घरी करायचं.

ओल्या जखमांवर पोटॅशियम परमँगनेटच्या पट्ट्या ठेवायला सांगितलंय ना? पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचे ते लाल औषध, तेच हे. बादलीत अगदी थोडे खडे, पाणी फिकट गुलाबी दिसेल एवढेच. जांभळं झालं म्हणजे जास्त झालं. आणि एकही खडा न विरघळता राहू देऊ नकोस, तो कातडी जाळतो. आधी तांब्यात पूर्ण विरघळवायचं, फडक्यातून गाळायचं, मग बादलीत ओतायचं. नखं तपकिरी होतात, ती आपोआप जातात. कडुलिंबाचा पाला घालून घासून आंघोळ मात्र नको. घासणंच नको. पाणी ओतायचं आणि कापडाने टिपायचं.

अंथरूण जखमेला चिकटतं आणि कूस बदलताना साल निघते, ही सगळ्यांची तक्रार. यावर आपल्या जिल्ह्याकडे जे आहे ते जगात फार थोड्यांकडे असेल. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. २००३ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात ते काम छापून आलं. त्याआधी मुंबईतच उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वापरत, केळीचं पान त्याहून कितीतरी स्वस्त पडलं. पान गुळगुळीत असतं, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, थंडावा देतं. त्वचारोगाच्या वॉर्डांतही पेम्फिगसच्या रुग्णांना केळीच्या पानावर निजवतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळे फळाबद्दलच बोलले. पानाबद्दल कुणी शब्द काढला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पण पान शेतातून आणून तसंच अंथरायचं नाही. त्यावर फवारणीचं औषध असतं, धूळ असते, पाखरांची घाण असते. फवारणी न झालेल्या, परसातल्या केळीचं कोवळं पान आण. दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्यात धू, मधला दांडा काढ, सुती कापडावर पसरून गुंडाळी कर आणि कुकरमध्ये वाफेवर वीसेक मिनिटं ठेव. हात साबणाने धुऊनच सोड. पान रोज नवं. आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालूनच करायची. जखमेत पू असेल तर आधी त्याचं औषध.

खाटेला मच्छरदाणी दिवसाही लावायची. डासांपेक्षा माशांसाठी. उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही, गोठा जवळ असला तर अजिबात नाही. कूलर लाव, एप्रिल-मेमध्ये ते पत्र्याखालचं घर भट्टीसारखं होतं आणि घामाने जखमा चिघळतात. फक्त कूलरचं पाणी रोज बदल. ऊन अंगावर घ्यायचं नाही, उन्हाने हा आजार उसळतो. शेतात जायचं बंद, चुलीपुढे बसणं बंद, कमरेला घट्ट नाडी बंद, हातात घट्ट बांगड्या बंद. जिथे घासतं तिथे फोड येतो.

आणि जेवण. आपल्याकडच्या माणसाला मिरची तोडायला सांगणं म्हणजे शिक्षाच. शेवभाजी, ठेचा, फौजदारी डाळ, सगळं काही महिने लांब ठेवायचं. तिखटाइतकंच कडक आणि टोकदारही वाईट. उडदाचा भाजलेला पापड, बिबड्या, शेव, भाकरीचा कडक पापुद्रा तोंडात नवी जखम करतात. लोक तिखट तेवढं टाळतात आणि पापड खात राहतात, हे मी फार पाहिलं. मग द्यायचं काय? उघड्या कातडीतून प्रथिनं झिरपून जातात, ती भरून काढायला हवीत. मुगाची मऊ खिचडी, वर तूप. कळण्याची भाकरी गरम दुधात कुस्करून, गार झाल्यावर. वरणाचं घट्ट पाणी. अंडं चालत असेल तर मऊ उकडलेलं. पिकलेलं केळं, ते तर घरचंच. वांग्याचं भरीत मिरची-लसणाशिवाय करून बघ. वहिनी तोंड वाकडं करतील, पण वांगं बामणोदचं असेल तर खातील. लसूण-कांद्याने हा आजार वाढतो असं काही डॉक्टर मानतात. पुरावा फार भक्कम नाही, पण कच्चा लसूण तसाही झोंबतोच, तेव्हा सोडलेला बरा. आंबट दही, टोमॅटो, लिंबू, गरम चहा नको. साखर वाढली असेल तर केळं आणि गूळ मोजून.

जेवणाआधी दहा मिनिटं तोंड बधिर करणारं जेल लावलं की दोन घास जास्त जातात. जेवल्यावर मिठाच्या कोमट पाण्याने खळखळ न करता नुसतं तोंडात धरून सोडायचं. ब्रश लहान मुलांचा, मऊ. दात घासायचे सोडले तर हिरड्या आणखी सुजतात. स्टेरॉइडची गोळी पाण्यात विरघळवून चूळ भरायला दिली असेल तर ती थुंकायची, गिळायची नाही. तोंडात पांढरा दह्यासारखा थर दिसला तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं. आणि मिसरी बंद. वहिनींना वाटतं कुणाला माहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

उपवासाचंही बोलून टाक. रिकाम्या पोटी स्टेरॉइड चालत नाही, साखरेचं औषध सुरू असेल तर उपवास धोक्याचा. आषाढी एकादशीला त्यांनी पाणी सोडून बसायचं म्हटलं तर दादाने ऐकू नये. कानबाईला रोटांचं दळणं-कुटणं, मळणं तुम्ही सुनांनी करा, त्यांनी पाटावर बसून सांगावं. मान तेवढाच राहतो आणि तळहात वाचतात.

एक गोष्ट वेगळीच, पण विसरेन म्हणून इथेच सांगते. तुझ्या माहेरच्या आबांना अंगावर खाज आणि घट्ट, ताणलेले फोड येतायत म्हणालीस. सत्तरीच्या पुढे असे घट्ट, सहज न फुटणारे फोड आले तर तो बहुधा निराळा आजार, बुलस पेम्फिगॉइड. १९५३ साली डॉ. वॉल्टर लिव्हर यांनी तो पेम्फिगसहून वेगळा काढला. त्यात कातडीच्या थराखालची पकड सुटते, तोंडाला सहसा काही होत नाही, आणि पुष्कळदा अंगभर लावायच्या तीव्र स्टेरॉइड मलमाने किंवा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी भागतं. आबांच्या साखरेच्या गोळीचं पाकीट बघ. नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ असेल, व्हिल्डाग्लिप्टिन हल्ली खूप चालते, तर ते पाकीट त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखव. त्या गोळीने हा आजार सुरू झाल्याची नोंद आहे. गोळी मनाने बंद करू नका, ती बदलून देतात.

ताप, थंडी वाजणं, जखमेला वास, हिरवट पू, अचानक वाढलेलं दुखणं, डोळ्यांत लाली, पाणी गिळता न येणं, खोकला तीन आठवडे न जाणं, पोटरी सुजून दुखणं. यातलं काही दिसलं तर पुढची तारीख कधी आहे ते बघत बसू नकोस. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला मोठ्या संसर्गातही ताप कमीच येतो, म्हणून थोड्या तापालाही मोठं समज.

कालनिर्णयवर रोज दोन आकडे लिहीत जा: आज नवे फोड किती, आणि सकाळची साखर किती. डॉक्टरांकडे गर्दीत दोन मिनिटं मिळतात. “कधी येतात, कधी नाही” म्हणण्यापेक्षा ते पान समोर ठेवलं की डोस ठरवायला सोपं जातं. फोटो काढायचे तर आठवड्याला एकदा, एकाच उजेडात.

फोड थांबले की वहिनींना काळ्या डागांचं दुःख सुरू होईल. व्रण राहत नाहीत हे त्यांना सांग. कातडीच्या वरच्या थरातली जखम असल्याने ती खूण न ठेवता भरते, उरतो तो रंग, आणि तो महिन्यांनी फिका होतो. तोंड आणि डोकं सगळ्यात शेवटी भरतं, तेव्हा अंग साफ झालं आणि तोंड अजून दुखतंय म्हणजे औषध लागू नाही असं समजू नये. आरशापुढे जास्त वेळ बसू लागल्या, बोलेनाशा झाल्या, रात्रभर जागू लागल्या तर तेही डॉक्टरांना सांग. स्टेरॉइडनेही मन बिघडतं, त्यावर औषध आहे.

तुझ्यासाठीही सांगते. रोज तू एकटीनेच पट्ट्या बदलू नकोस. माझ्या भाच्याला शिकव. आईची पाठ धुवायला मुलाने लाजायचं कारण नाही, आणि महिनाभरात तू खाटेला लागलीस तर दोघींचं कोण करणार?

आजार गेला असं डॉक्टर चटकन म्हणणार नाहीत, “शांत आहे” म्हणतील. तो परत डोकावू शकतो, बहुधा तोंडातूनच. म्हणून औषध बंद झाल्यावरही तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत, आणि नवा एक फोड दिसला तरी त्याच आठवड्यात जायचं. लवकर गाठला तर पहिल्यापेक्षा कमी औषधात आटोपतो. पुढची तारीख कुठली आहे ते मला कळव, डॉक्टरांनी पल्सच ठरवले तर पहिल्या पल्सला मी सोबत येते. जाताना वहिनींसाठी मऊ सुती गाऊन, मऊ खिचडीचा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घे, तीन दिवस तिथे राहावं लागेल.